काकाच्या वशिल्याचा स्कॅन

उमरठची सेजल सगळ्या मुलांत पहिली आली. हे घडलंच नाही असं धरून पुढे जाऊ. तिचा काका हर्षदही आठवडाभर तेच धरून बसला होता.

हर्षद मुंबईच्या एका हॉस्पिटलात कॉम्प्युटरवर लहान मुलं बनवी. म्हणजे एखाद्या मुलाचा सीटी स्कॅन घ्यायचा, त्यावरून त्याच मुलाच्या मापाची हाडं, त्याच मापाचं काळीज स्क्रीनवर उभं करायचं आणि कुठल्या अवयवाला किती रेडिएशन बसलं ते काढायचं. त्याची आई प्रयागबाई गावात एवढंच सांगे, "डाक्टरच हाय."

गेल्या वर्षी सेजलचं पोट दुखलं आणि महाडला स्कॅन ठरला, तेव्हा हर्षदने तिथल्या स्कॅन सेंटरमधल्या दीपकला रुबाबात फोन केला होता, "आपली पोर आहे, जरा नीट बघ." आता आपल्याकडे नीट म्हणजे जास्त. दीपकने नुसतं पोट सोडून मानेपासून गुडघ्यापर्यंत घेतलं. एकदा औषध टोचण्याआधी, एकदा नंतर आणि एकदा संबंध राखायला. निघाला गॅस.

यंदा महाडचे जुने स्कॅन हर्षदच्या कामात आले. नावं झाकलेली होती. पण सगळ्यांत जास्त रेडिएशन बसलेल्या मुलीच्या मॉडेलच्या गळ्यात ताईत चमकत होता. सेजलच्या गळ्यातून प्रयागबाईंनी काढू न दिलेला.

आठवडाभराने आईचाच फोन. "सेजलीचं प्वाट परत दुखतंय रे. डाक्टर म्हनतो सोनोग्राफी बास. पन तू फोन कर, मागच्यावानी समदं काढू दे. शेजारच्या चांगूच्या पोराचं नुसतं प्वाट काढलं, आपल्या सेजलीचं पार गुडघ्यापत्तुर!"

हर्षदने खरं सांगून टाकलं. "आई, ते माझ्यामुळे चुकलं. तिला उगाच जास्त रेडिएशन बसलं. सगळ्या मुलांत जास्त."

"म्हंजे पयली आली?"

"...हो."

"मंग लाजतोस कशाला?"

धोका तसा लहान होता, पण तो पोरीच्या अंगात राहणार होता. आणि कशासाठी, तर काकाची ओळख किती मोठी हे दिसावं म्हणून. त्याने दीपकला फोन लावला. "आपली पोर आहे. फक्त सोनोग्राफी. बाकी काही करू नकोस."

दीपकने घाबरून विचारलं, "दादा, माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही, माझं," हर्षद म्हणाला. फोन ठेवून त्याने सेंटरच्या नावे अर्ज लिहायला घेतला :

'महोदय, शिफारशीमुळे सदर रुग्णाच्या अंगी जमा झालेले जादा रेडिएशन तिच्या शरीरातून वजा करून शिफारस करणाऱ्याच्या नावे तात्काळ वर्ग करण्यात यावे, ही नम्र विनंती.'