रिकाम्या खुर्चीची सावली

खुर्चीला पाय चार, सावलीलाही चार — तिथपर्यंत सगळं बरोबर होतं, पण वर, पाठीच्या जागी... तिने स्क्रीनवरचा फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि माऊसवरचा हात तसाच राहिला.

फोटो काढला त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, आणि आर्किटेक्टना तर नव्या घरात दुपारचं ऊन हवं होतं. म्हणून काल तिने फोटोतल्या खिडकीतून ऊन आत आणलं, फरशीवर पसरलं, एकेका वस्तूला तिची सावली दिली — सूर्याची राहिलेली कामं उरकते मी, असं ती चारचौघांत आपल्या फोटो सुधारण्याच्या धंद्याबद्दल हसून सांगायची. आज सकाळी आर्किटेक्टचा फोन आला.

"बाकी झकास झालंय हो. पण खुर्ची रिकामी आहे, आणि सावलीत कोणीतरी बसलंय."

"काहीतरीच काय," ती म्हणाली होती.

पण बसलं होतं. उतरता खांदा, मानेवर सैल अंबाडा, पुढे झुकलेलं डोकं... ताई. वाचताना ताई अशीच बसायची, खिडकीला पाठ करून, जराशी तिरकी, आणि ही धाकटी फरशीवर तिच्या सावलीत आडवी; ऊन सरकलं की हीही सरकायची. "अगं, दुसरी जागा नाही का घरात?" — नव्हती. पुढेही कधी सापडली नाही. ताईने आपल्या मनाने लग्न केलं, वडिलांनी तिचं नाव टाकलं, घरात कोणी तिच्याबद्दल अवाक्षर काढेना. वडील गेले तरी ती सवय राहिली. मी तिच्यावर रागावले आहे, असं मी किती सहज धरून चालले... रागावलेल्या माणसाचा हात इतक्या निगुतीने अंबाडा रेखाटतो का?

फोटो दुपारपर्यंत द्यायचा होता. तिने सावलीतलं डोकं पुसलं, मग अंबाडा. खांद्यापाशी बराच वेळ थांबली, मग तोही पुसला. सावली आता नुसत्या खुर्चीची झाली, कोणी बोट ठेवू नये अशी. तिने फोटो पाठवला.

"आता कसं!" आर्किटेक्टचं उत्तर आलं.

आता कसं... तिच्या खोलीत ऊन येतच नाही, कामाला ते बरं पडतं. तरी तिने आपली खुर्ची ढकलत खिडकीशी नेली, खिडकीकडे पाठ करून ठेवली, आणि समोर फरशीवर बसली. गुडघे कुरकुरले. ताईचा नंबर मावशीकडे आहे, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. कालपर्यंत म्हणता यायचं, आपण ताईला विसरलोय. आज ती ते म्हणायला गेली, तर जीभ रेटेना.