मध्यापासून चार बोटे बाजूला

मित्रांनो, माझ्या अंगातून कधी रक्त वाहिले नाही. तरी माणसांच्या रक्ताचे माप बरोबर यावे म्हणूनच माझा जन्म झाला. मी एक जुनी, बनावट धमनी आहे. ताइनानमधल्या एका इस्पितळात, काचेच्या कपाटाच्या खालच्या फळीवर माझा मुक्काम असतो.

मऊ, पारदर्शक रबराची नळी करून मला खऱ्या धमनीसारखा बाक दिला. उपासाला चायना ग्रास थिजवतात ना, तशाच थिजवलेल्या गोळ्यात मला बसवून वरून पेटीचे झाकण लावले. कामाच्या दिवशी पाण्यात ग्लिसरीन मिसळून ते रक्ताइतके दाट करीत. एमआरआय यंत्र म्हणजे एक प्रचंड चुंबक; लोखंडी पंपाला त्याच्याजवळ येऊ देत नाहीत, म्हणून तो भिंतीपलीकडून ते पाणी ठोक्याठोक्याने माझ्यातून ढकलायचा. किती वाहिले ते यंत्र पडद्यावर सांगे. इकडे तेच पाणी मोजपात्रात धरून, घड्याळ लावून मोजत. दोन्ही आकडे जुळले, तर यंत्र खरे बोलते असे समजायचे.

रुग्ण आत जाताना त्याच्या अंगावर पांघरूण घालतात, हातात घंटा देतात, “घाबरू नका हं” म्हणतात. मला असे कोण म्हणणार? दार लागे, खडखडाट सुरू होई, आणि यंत्राच्या त्या बोगद्यात मी एकटी.

तंत्रज्ञांमध्ये सर्वांत वडील होत्या शिऊलान ताई. अमावास्या-पौर्णिमेला त्या शाकाहार पाळीत, आणि मला हात लावण्यापूर्वी हात धूत. नळीवर बोटाने टिचक्या मारून आतला एकेक बुडबुडा त्या बाहेर काढीत. मग यंत्राच्या लाल प्रकाशाची रेघ बघून मला चुंबकाच्या ऐन मध्यावर ठेवीत. त्यांची नीटनेटकी सवयच तशी होती. “गुणाची आहे हो माझी. कधी दगा देत नाही,” असे त्या म्हणाल्या की मला आठवडाभर पुरे.

आमच्याकडे यंत्राजवळ मक्याच्या खाऊचे हिरवे पाकीट ठेवतात, म्हणजे यंत्र शहाण्यासारखे वागते, अशी समजूत. पाकीट हिरवेच हवे आणि शिळे चालत नाही. एरवी ते बाहेरच्या टेबलावर असे. पण एका मोठ्या तपासणीच्या दिवशी ताई सुट्टीवर होत्या, आणि को काका नावाच्या गमत्या तंत्रज्ञाला फारच भक्ती आली. धातूचा मुलामा असलेले चकचकीत पाकीट चुंबकाजवळ नेता येत नाही, म्हणून त्यांनी खाऊ हिरव्या कागदाच्या पुडीत बांधला, ती पुडी मानाने मधोमध ठेवली आणि मला चार बोटे बाजूला सरकवले.

त्या दिवशी यंत्राचा आकडा चुकला.

“काका, खाऊची तारीख बघितली होती का?” दुसऱ्या दिवशी ताईंनी विचारले.

काकांनी पाकीट उलटेसुलटे केले. “अरेच्चा! गेल्या महिन्यातच संपलीय की!”

“मग रुसेल नाही तर काय करेल बिचारं?”

ताजा खाऊ आला. तो ताईंनी माझ्या पायथ्याशी ठेवला, मला पुन्हा मध्यावर, आणि आकडा जुळला. सगळे हसले, काकांनी यंत्राला नमस्कार केला. मला ओरडून सांगावेसे वाटले, अहो, खाऊ नाही, जागा बदलली! पण मला तोंडे दोन असूनही आवाज नाही.

पुढे पेईछी नावाची एक मुलगी आली. तान्ही असताना तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. पाठ वाकडी, म्हणून ती गादीवर एका बाजूला कलून झोपे. तिच्या झडपेतून रक्त फार मागे गळते आहे, असे यंत्राने सांगितले. म्हणजे छाती पुन्हा उघडावी लागणार. तिची आई सकाळी माशाची पेज विकून तशीच धावत आली होती.

“ताई, हे यंत्र चुकत नाही ना कधी?” तिने हळूच विचारले.

“चुकतं की, खाऊ शिळा असला की!” तिला जरा हसवावे म्हणून काका बोलून गेले.

कोणी हसले नाही. मापांची पारख करणाऱ्या डॉक्टर लिआओबाई तिथेच उभ्या होत्या. त्या वळल्या. “कधी चुकलं होतं, काका?”

काकांनी सगळे सांगितले.

“मग आज अगदी तसंच मांडा. तो शिळा खाऊ कुठंय?”

“तो... मी खाल्ला.”

“शाब्बास! ताजा ठेवा मग, पण त्याच जागी.”

ताजा खाऊ मध्ये, मी बाजूला. आकडा चुकलेलाच. मग पुडी काढली, मला तिथेच ठेवले. तरी चुकलेलाच. बाई म्हणाल्या, “पंप बंद करा.”

पंप थांबला. माझ्यात एक थेंब हलत नव्हता. आणि पडद्यावर मात्र मी वाहत होते!

“अगं आई,” ताई खुर्चीत बसल्या. “इतकी वर्षं मी हिला मध्यावरच ठेवत आले.”

“मध्यावर यंत्र खरं बोलतं, ताई. पण ती पोर मध्यावर कुठं झोपते?”

पेईछीला पुन्हा आत घेतले. ती उठताच तिच्याच जागी, तशीच कलती, मला ठेवले. मित्रांनो, गादी अजून उबदार होती. माणसाची ऊब मला त्याआधी ठाऊक नव्हती. माझ्या थांबलेल्या पाण्यात यंत्राला जेवढा खोटा प्रवाह दिसला, तेवढा तिच्या आकड्यातून वजा केला.

“गळती आहे, पण थोडी,” डॉक्टरबाई आईला म्हणाल्या. “आत्ता छाती उघडायची नाही. दर वर्षी दाखवायला आणायचं.”

आई ताईंच्या खांद्यावर डोके ठेवून रडली. पेईछी म्हणाली, “आई, रडतेस काय? मला भूक लागलीय.”

त्यानंतर बरीच वर्षे ज्याच्या आकड्याची शंका येई, त्या प्रत्येक रुग्णामागून मला त्याच्या जागी निजवत. मग ताई निवृत्त झाल्या, माझे रबर पिवळे पडले, नवी धमनी आली. शेवटच्या दिवशी घाईघाईत मला तशीच भरलेली कपाटात ठेवले. ते पाणी अजून आत आहे आणि त्यात बुरशीचा काळा डाग वाढतो आहे. पेईछी दर वर्षी येते. उंच झाली आहे. माझ्या कपाटाच्या काचेत बघून ती केस सारखे करते. तिला काचेत स्वतःचा चेहरा दिसतो, मी दिसत नाही. दिसावे तरी का? मला ती दिसते.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी माणसांना मोजणारी यंत्रे सांभाळेल. तेव्हा त्यांची परीक्षा सोयीच्या जागी घेऊन थांबू नका. माणूस जिथे निजतो तिथे, त्याच्यासारखेच कलून, आधी माझ्यासारख्या एखादीला निजवा. आणि तिचे काम संपले की तिच्यातले पाणी तेवढे काढून, पुसून ठेवा. साचलेले पाणी फार जड होते हो.