बरोबरी नको म्हणणारे

सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात आपला संघ ऑस्ट्रेलियात तीन-दोननं हरला. पेपरात एवढंच आलं. सांगलीतले इस्त्रीचे सदरे घालणारे क्रिकेटवाले मला म्हणाले, "सयाजीराव, दुय्यम संघाकडून हरले हो. त्या पॅकर शेठनं आपल्या खासगी सामन्यांसाठी बडे खेळाडू पळवल्यावर तिकडं राहिलं होतं कोण?" या लोकांना कुस्ती कळत नाही आणि क्रिकेट त्याहून कळत नाही. निकालाचा आकडा वाचून खेळ कळला म्हणणारा माणूस लग्नाला न जाताच ढेकर देत असतो.

मी ती मालिका ऐकली आमच्या तालमीत. कुंडलपासून चार कोसांवर आमचं गाव. फौजेत मी सिग्नलला होतो. इंग्रजी तिथंच कानानं शिकलो, व्याकरण मला कुणी शिकवलं नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. सुटून येताना ट्रान्झिस्टर आणला होता. त्यावर भल्या सकाळी ऑस्ट्रेलियाचं स्टेशन लागायचं, पण तालमीच्या उंबऱ्यावर धरला तरच. आत दगडी भिंतींत नुसती खरखर. मग उंबऱ्यावर बसून तो हातात धरायचं काम नाथाजीकडं आलं, कारण त्याला आत यायची बंदी होती.

बंदी घातली होती आमच्या आकाराम वस्तादांनी. मूळचे कोरेगावकडचे, लग्न करून इकडं आलेले. साठीचा माणूस, मान बैलासारखी, बोलणं फावड्यासारखं. नाथाजी त्यांचा सगळ्यात लाडका पठ्ठ्या. त्याच्या आदल्या साली कुंडलच्या मैदानात त्याची कुस्ती कोल्हापूरकडच्या एका पैलवानाशी लागली. तो नाथापेक्षा पंधरा-वीस किलोनं जड. पन्नास मिनिटं झाली, निकाल लागेना. पंच म्हणाले, बरोबरीत सोडवू. वस्तादांनी कडेवरून हात केला, घे म्हणून. नाथानं मान हलवली. बरोबरी नको म्हणाला. पुढं सात-आठ मिनिटांत चीत झाला.

वस्तादांनी गावात आल्यावर एवढंच सांगितलं, "ह्यानं माझ्या मातीला पाय लावायचा न्हाई."

तेव्हापासून तो रोज पहाटे यायचा, उंबऱ्यापर्यंत. आतले पैलवान जोर-बैठका काढायचे, हा बाहेर बसायचा. कुस्तीचं वय असतं. पोरगा चोविसाचा, अजून एक वर्ष उंबऱ्यावर गेलं की संपला. हे वस्तादांना कळत होतं, आम्हाला कळत होतं, पण बोलायची टाप कुणाची नव्हती. माझीही नव्हती, खोटं कशाला सांगू.

वस्तादांना आधी क्रिकेटचा तिटकारा. "पाच दिस खेळत्यात आनि मधीच चा पित्यात. ह्यो काय खेळ हाय व्हय?" पण पहिला सामना आपण फक्त सोळा धावांनी हरलो तेव्हा त्यांनी मुद्गल खाली ठेवला. दुसरा ऑस्ट्रेलियानं दोन गडी राखून मारला. वस्ताद म्हणाले, "दोन्ही कुस्त्या काट्याच्या झाल्या गड्या. ही पोरं पडत्यात, पर पाठ सहज लावू देत न्हाईत." मेलबर्न आणि सिडनी आपण मारलं तेव्हा तर दादासो पैलवानाला त्यांनी खुराकातलं अर्धं दूध दिलं. दादासो म्हणाला, "वस्ताद, असंच जितत ऱ्हायलं तर माझं वजन वाढंल."

"तुजं वजन वाढायला क्रिकेट कशाला पायजे? भाकरी दिसली की वाढतंय."

दोन-दोन झालं आणि पाचवी कुस्ती ॲडलेडला लागली. सहा दिवसांची. आपल्यापुढं चारशे त्र्याण्णव धावा. मी आकडा सांगितला तेव्हा कुणी हसलंही नाही. एवढ्या धावा चौथ्या डावात काढून कसोटी कुणीच जिंकली नव्हती. पण आपली माणसं एकेक वीट लावत गेली. एक पडला की दुसरा उभा. मी उंबऱ्याजवळ कान लावून मराठीत सांगायचो, वस्ताद त्याचं कुस्तीत करायचे. "डोक्यावर चेंडू टाकला? म्हंजे तोंडावर पंजा मारला. आनि ह्यो मागं सरकला न्हाई? शाब्बास."

सहाव्या दिवशी तालमीत कुणी जोर काढलाच नाही. सगळे उंबऱ्याभोवती. चारशे ओलांडले, अजून गडी शिल्लक होते. दादासो हळूच म्हणाला, "आता नुसतं उभं ऱ्हायाचं. दिस काढला तरी बरोबरी. दोन-दोननं घरला येत्याल."

वस्ताद उसळले. "बरोबरी कशाला पायजे? हिथवर आल्यावर बरोबरी? लढा म्हणावं. पडलं तर पडलं."

रेडिओ धरलेला नाथाजीचा हात हलला आणि खरखर सुरू झाली. त्यानं परत नीट धरला. वर बघितलं नाही.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "वस्ताद, मग ह्यानं येगळं काय केलं व्हतं?"

वस्तादांनी माझ्याकडं असं बघितलं की वाटलं आता उचलून बाहेर टाकतील. मग म्हणाले, "सयाजी, तू इंग्रजी ऐक. आधी निकाल लागू दे."

निकाल लागला. चारशे पंचेचाळीसवर शेवटचा गडी गेला. सत्तेचाळीस धावांनी हार. मी सांगितलं आणि नाथाजीनं रेडिओ बंद केला. ऊन दारात आलं होतं. माझ्या मनात आलं, झालं, आता वस्ताद म्हणणार, बघा, बरोबरी सोडली की असं होतंय. जिंकलो असतो तर नाथाचं बरोबर होतं हे त्यांना कबूल करणं सोपं होतं. जिंकल्यावर सगळेच शहाणे असतात.

वस्तादांनी हौद्यातली तांबडी माती पायानं उकरून बघितली.

"चारशे पंचेचाळीस," ते म्हणाले. "परक्या मुलखात. वर दोन कुस्त्या हरून, दोन मारून. लय झुंजली गड्या पोरं."

मग त्यांनी सदरा काढून खुंटीला अडकवला. धोतराचा काचा मारला, फावडं घेतलं आणि स्वतः हौदा खणायला लागले. दादासो पुढं झाला तर त्याला कोपरानं मागं सारलं. माती भुसभुशीत झाल्यावर त्यांनी फावडं ठेवलं. उंबऱ्याकडं पाठ करूनच बोलले.

"नाथा, तू कंच्या डावावर पडलास?"

नाथाजी उभा राहिला. "घिश्श्यावर, वस्ताद."

"मला ठावं न्हाई. तू मान हलवलीस तवाच मी निगालो. गाडीत जाऊन बसलो व्हतो. शेवट मी बघितलाच न्हाई."

अख्खं गाव वर्षभर समजत होतं की वस्तादांनी त्याला पडताना बघून बंदी घातली. कुस्ती न बघताच त्यांनी न्याय केला होता, सांगलीच्या सदरेवाल्यांसारखा. हे मी तेव्हा तोंडावर बोललो नाही. आता लिहितो. पण पोरांसमोर कबूल करायला छाती लागते, ती त्या म्हाताऱ्याकडं होती.

"ये. दाव मला," वस्ताद म्हणाले.

नाथाजीनं रेडिओ माझ्या हातात दिला. कपडे काढले, आत लंगोट होताच. वर्षभर तो रोज लंगोट कसूनच येत होता, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. त्यानं माती कपाळाला लावली, हौद्यात उतरला आणि गुडघे-हात टेकून खाली बसला. वस्तादांनी त्याच्या मानेवर गुडघा दिला, मागून लंगोटाला हात घातला.

"असा धरला व्हता?"

"व्हय. पर लय जड व्हता."

"मी काय हलका हाय व्हय? तुजं पाय कुठं व्हतं?"

"जवळ घेतलं व्हतं."

"का?"

"दमलो व्हतो वस्ताद. उठायच्या नादात घेतलं."

"हितंच घावलास. पाय लांब टाकायचं, छाती मातीला लावायची. आता म्या वढतो. टाक लांब."

नाथाजीनं पाय लांब टाकले. वस्तादांनी जोर लावला, तोंड लालबुंद झालं, पण पोरगा हलला नाही.

"आता हाय तसा ऱ्हा," वस्ताद धापा टाकत म्हणाले. "दादासो, तू ये रं वरनं. माझ्यानं हलंना ह्यो."