कुंड्या कपाटात होत्या

आजीने प्रयोगवही टेबलावर अशी आपटली, की ट्रेमधल्या काचपट्ट्या खणखणल्या.

"हा भोपळा कशाबद्दल?"

जीवशास्त्राच्या बाईंनी मान वर केली. शाळा सुटून गेली होती. प्रयोगशाळेची झाडलोट, काचसामान, कुंड्या सगळं सव्वीस वर्षं आजीच्या हातात होतं, आणि शाळेत तिला सगळे मावशी म्हणत. आजी म्हणणारी एकच होती. ती दप्तराचा पट्टा मुठीत धरून दारात उभी होती.

"मावशी, तुमची नात आहे म्हणून मी मार्क वाढवायचे का?"

"वाढवू नका. पोरीला जे दिसलं ते तिने लिहिलंय, तेवढं वाचा."

बाईंनी वही उघडली. प्रयोग साधा होता. कुंडीतल्या झाडाच्या एका पानावर काळ्या कागदाची पट्टी लावायची, कुंडी उन्हात ठेवायची, मग ते पान तोडून उकळायचं आणि त्यावर आयोडीन टाकायचं. उघडा भाग निळाकाळा होतो, झाकलेला तपकिरी राहतो. वर्गातल्या एकतीस जणांनी तसंच लिहिलं होतं. नातीने लिहिलं होतं, 'सगळं पान निळं झालं. झाकलेला भागसुद्धा.'

"असं होत नाही," बाई म्हणाल्या. "हिने काहीतरी चुकवलं, नाहीतर मनाचं लिहिलं."

"मनाचं?" आजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, प्रयोग झाल्यावर ती पानं कचऱ्यात कुणी टाकली? मी टाकली. एकूण एक निळी होती. मनाचं त्या एकतीस जणांनी लिहिलंय! पुस्तकातून उतरवलं मेल्यांनी, आणि तुम्ही त्यांना दहापैकी दहा वाटत सुटलात."

बाईंनी नातीची ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "सगळीच निळी असतील, तर कुंड्या अंधारात नसणार. आधी दोन दिवस पूर्ण अंधार लागतो."

"कुंड्या कपाटात होत्या." आजीने कमरेच्या किल्लीवर हात ठेवला. "इतकी वर्षं ही किल्ली जुन्या सरांच्या खिशात असायची. निवृत्त झाले तेव्हा माझ्या हातात देऊन गेले, दुसऱ्या कुणाच्या नाही. माझ्या कपाटाबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही."

"आजी, चल ना घरी," दारातून हळूच आवाज आला.

"तू गप गं. भोपळा घरी नेऊन काय शिजवायचाय?"

बाईंनी पान उलटलं. मागच्या बाजूला एक ओळ खोडलेली होती. त्यांनी विचारलं, पण मुलगी खाली बघत राहिली. तेव्हा आजीनेच वही ओढून घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तिची शाळा दुसरीपर्यंतची, एकेक अक्षर बोटाखाली धरून ती वाचायची. खोडणाऱ्या रेघेखालून अक्षरं एकेक करून वर आली.

'बुधवारी कुंड्या दिवसभर खिडकीत होत्या. मी मधल्या सुट्टीत बघितल्या.'

बोट तिथेच थांबलं.

बुधवारी, प्रयोगाच्या आदल्या दिवशी सकाळी, कापूस काढायला तिने कपाट उघडलं होतं. पानं माना टाकून बसलेली. जीव गुदमरला असेल बिचाऱ्यांचा, म्हणून तिने कुंड्या खिडकीत मांडल्या, पाणी घातलं आणि निघताना पुन्हा आत ठेवून कुलूप लावलं. जुन्या सरांना कधी सुचलं नाही ते आपल्याला सुचलं, असं वाटून दिवसभर खुशीत होती.

"हे का खोडलंस?"

"तुला बोलले असते सगळे."

"मला बोलायची कुणाची टाप आहे?" आजी म्हणाली, पण आवाज नेहमीसारखा चढला नाही. मग ती बाईंकडे वळली, आणि तो चढला.

"काढल्या मी बाहेर. मीच. पण सव्वीस वर्षं, मावशी, कपाटात ठेवा, मावशी, कपाटात ठेवा! का ठेवायच्या, ते सांगताना एकाची तरी जीभ झिजली? मला काय नुसते हातच दिलेत? डोकं नाही?"

बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं, सावकाश. झाड उजेडात स्टार्च बनवतं आणि पानात साठवतं. अंधारात ते हा साठा वापरून संपवतं. तो आधी संपला नसेल, तर झाकलेला भागही निळाच दिसतो.

"एवढंसं," आजी म्हणाली. "एवढंसं सांगायला सव्वीस वर्षं!"

बाईंनी वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला आणि वरची वही उघडली. त्यांच्याच हातचे लाल दहापैकी दहा होते.

आजीने नातीला टेबलाशी बसवलं. "ती ओळ परत लिही. नीट लिही. 'खिडकीत होत्या' असं नको. आपल्या पायांनी गेल्या का त्या? कुणी ठेवल्या ते लिही."

"प्रयोगशाळेच्या परिचरांनी, असं लिहू?"

"आजीने ठेवल्या, असं लिही."

मुलीने लिहिलं. बाईंनी लाल पेनचं टोपण काढलं, शून्यावर आडवी रेघ मारली आणि पेन खाली ठेवलं.

निघायच्या आधी आजीने चार कुंड्या उचलल्या. दोन कपाटात ठेवल्या, दोन खिडकीत. कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. मग कमरेची किल्ली सोडवून नातीच्या हातात कोंबली.

"तुझ्या बाई सांगतात ते खरं असेलही. मला बघायचंय. दोन दिवस ही तुझ्याकडे. मी मागितली तरी द्यायची नाही."

"आणि तू रागावलीस तर?"

"रागावणारच आहे," आजी म्हणाली, आणि दिवा बंद केला.