नवरा हरायला लागला तेव्हा

लग्न झाल्यापासून आमच्या घरी रोज संध्याकाळी टीव्हीसमोर मारामारी होते. म्हणजे गेममध्ये. निरनिराळ्या गेममधली पात्रं एकाच रिंगणात आणून झुंजवणारा हा गेम. माझी बाई शेतीच्या गेममधून आलेली, मधमाश्या पाळणारी; चिडली की समोरच्यावर अख्खं पोळं सोडते. नवऱ्याचा यंत्रमानव अंतराळातला. बहुतेक वेळा तोच जिंकायचा, आणि मग असं काही हसायचा की मी चहाचे कप आपटत विसळायचे.

मग तो हरायला लागला. एखाद्या दिवशी हरला असता तर मी नाचले असते. पण हा रोज हरू लागला, तेही गुमान. चिडणं नाही, ‘अजून एक डाव’ नाही. कंट्रोलर ठेवायचा आणि उठायचा.

मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. गिऱ्हाईक फार गोड बोलायला लागलं की आधी डॉक्टरांच्या चिठ्ठीची तारीख उलटली नाही ना ते बघायचं, हे अंगात मुरलंय. बायकोला मुद्दाम जिंकू देणाऱ्या नवऱ्याला काहीतरी झाकायचं असतं, असं माझं मत झालं.

एकदा संशय आला की सगळंच दिसायला लागतं. आयुष्यभर बटणांचे शर्ट घालणारा हा माणूस आता टी-शर्ट घालू लागला होता, तेही नवे कोरे. फोन वाजला की बाल्कनीत जायचा.

एका दुपारी मी सलूनमध्ये फोन केला. सलून तो आणि माझी नणंद मिळून चालवतात.

“दादा बाहेर गेलाय, वहिनी.”

“कुठे?”

“इथेच.”

“इथेच म्हणजे?”

“गिऱ्हाईक आलंय, ठेवते.”

मागे कात्रीचा आवाज नव्हता, कुणाचं बोलणं नव्हतं. नणंद खोटं बोलत होती. म्हणजे तिलाही माहीत होतं.

रविवारी दुपारी मी ठरवूनच खेळायला बसले. डाव सुरू झाला आणि मी बटणांवरची बोटं उचलली. माझी बाई रिंगणाच्या मधोमध नुसती उभी. आता हा मुद्दाम हरतो तरी कसा, तेच मला बघायचं होतं. स्क्रीन सोडून मी त्याच्या हातांकडे पाहत राहिले.

यंत्रमानव जागच्या जागी उड्या मारत होता. वळून भलतीकडेच गेला आणि कडेवरून खाली पडला. नवरा डावा हात उजवीकडे आणून तर्जनीनं बटण दाबत होता. त्याच्या कपाळावर घाम होता.

“कोण आहे ती?” मी तरीही विचारलंच. इतके दिवस घोकलेलं वाक्य तोंडून निघून गेलं.

“कोण ती?”

“हे टी-शर्ट कुणासाठी घेतलेस?”

त्यानं स्वतःच्या अंगाकडे पाहिलं. “बटणं लागत नाहीत गं.”

मग त्यानं उजवा हात माझ्यापुढे धरला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर झाली होती. कात्री हातातून सुटायची. एका माणसाच्या कानाला लागलं, तेव्हा बहिणीनं ती त्याच्याकडून काढून घेतली. बाल्कनीतले फोनही तिचेच होते. दुपारी गिऱ्हाईकांसमोर बसवेना म्हणून तो रस्त्यानं नुसता हिंडायचा.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू दिवसभर आजारांचीच नावं ऐकतेस. लगेच एखादं घेतलं असतंस.”

मनात चार नावं आलीही होती, एकाहून एक वाईट. मी एकही उच्चारलं नाही. त्याचा हात तेवढा धरून बसले.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? “महिनाभर,” तो म्हणाला. “तीन महिने तरी झाले,” मी म्हणाले. मनगटात नस दबली होती, वर्षानुवर्षांच्या कात्रीनं. छोटं ऑपरेशन झालं. आता तो पुन्हा केस कापतो, पण अंगठ्याच्या टोकाला अजून नीट कळत नाही, म्हणून कानाजवळचं काम नणंद करते.

हल्ली तो घरी आला की हाताचं सगळं न विचारता सांगतो. मी मान डोलावते, आणि तो अंघोळीला गेला की नणंदेला फोन करून तेच पुन्हा विचारून घेते. दोघांचं तंतोतंत जुळतं. इतकं जुळतं, की तेच मला जरा खटकतं.