ढाब्यासमोरचा अर्धा व्हिडिओ

माझी बायको रेणू प्रोग्राम लिहिते आणि मी कॅमेरे लावतो. हायवेलगतच्या सडक अर्जुनी गावात आमची एक खोली आहे. तिला आम्ही ऑफिस म्हणतो, गाव दुकान म्हणतं. हायवेवरच्या ढाब्यांचे आणि पेट्रोल पंपांचे कॅमेरे आमच्याकडे आहेत. कुणाला जुनं फुटेज हवं असलं की मी रेकॉर्डरमधून तेवढा तुकडा कापून आमच्या सर्व्हरवर टाकतो आणि लिंक पाठवतो. माणूस ते आपल्या फोनवर उतरवून घेतो.

हा सर्व्हर आधी मोठं दुखणं होता. कुणी लिंक दाबली की तो अख्खी फाइल मेमरीत घ्यायचा, आणि फाइल मोठी असली की बसकण मारायचा. शिव्या मला, कारण फोन नंबर माझा. रेणूने ते सगळं स्ट्रीमवर नेलं. म्हणजे धानाचं पोतं अख्खं उचलायचंच नाही, पायलीने मापून ओतत राहायचं. थोडं वाचायचं, पाठवायचं, विसरायचं, पुढचं घ्यायचं. सर्व्हर पुन्हा पडला नाही. डिस्क भरते म्हणून मी कटकट केली, तेव्हा तिने आणखी एक ओळ घातली: फाइलचं वाचणं बंद झालं की सर्व्हरवरची प्रत आपोआप पुसायची. मी बायकोचं कौतुक गावभर सांगत फिरलो.

मग एका दुपारी छोटेलालच्या ढाब्यासमोर अपघात झाला, तेव्हा ढाब्यावर पाहायला कुणी नव्हतं. गावातल्याच ओमेशच्या टेम्पोने चुन्नीलाल नावाच्या म्हाताऱ्याची सायकल उडवली. कुणा ट्रकवाल्याने त्याला दवाखान्यात पोचवलं आणि तो रायपूरकडे निघून गेला. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, गाडीचा नंबरही नाही. चुन्नीलाल वाचला नाही. पोलिसांनी छोटेलालकडे फुटेज मागितलं. मी वेळ पाहून तुकडा कापला, बघत काही बसलो नाही, आणि त्याला लिंक पाठवली. त्याने तो फोनवर उतरवून पोलिसांना दिला. त्याआधी गावाच्या ग्रुपवर टाकला, कारण छोटेलालच्या पोटात काही राहत नाही.

व्हिडिओत धडक दिसते, सायकल पडते, टेम्पो तसाच पुढे जातो आणि दिसेनासा होतो. तिथे व्हिडिओ संपतो. बघणारा म्हणणार, पळाला. मीही तेच म्हणालो, आणि ग्रुपवर दोन शब्द जास्तच लिहिले.

ओमेश जामिनावर सुटला तो थेट आमच्याकडे आला. बसला नाही, पाणीही घेतलं नाही.

"पुढचं दाखवा," तो म्हणाला.

"पुढचं म्हणजे कोणतं?"

"मी टेम्पो पुढं लावलो ना पायी वापस आलो. बुढ्याले ट्रकमंधी मीच चढवलो. मंग मले भेव लागलं, मी घरी गेलो. ते काऊन नाही दाखवून राहिले तुमी?"

"जेवढं होतं तेवढं दिलं बाबू," मी म्हणालो, जरा तोऱ्यातच. पकडला गेलेला प्रत्येक जण असंच काही सांगतो, असं माझं मत होतं.

तो गेला.  रेणूने सर्व्हरची नोंद उघडली; कोणती फाइल किती गेली ते त्यात लिहिलेलं असतं. 

"अहो, आपल्या फाइलचा अर्धासुद्धा भाग छोटेलालभाऊकडं पोचला नाही," ती म्हणाली.

"पण व्हिडिओ तर चालून राहिला चांगला."

"पोचला तेवढा चालतेच. त्याचं नेट मधातच तुटलं. तुटलं तसं वाचणं बंद झालं. अन् बंद झालं म्हणजे पूर्ण देऊन झालं, असं मी धरून चालली."

"मग आपली प्रत?"

"पुसली. माह्याच ओळीनं."

मी गाडी काढून ढाब्यावर पळालो. रेकॉर्डर छोटा, जुनं पुसून त्यावरच नवं भरत जातो. त्या दुपारच्या जागी आता कुठल्या तरी लग्नाच्या वऱ्हाडाची जेवणं चालली होती. परत आलो तर रेणू रडत नव्हती, ते मला जास्त जड गेलं.

"धान मापताना घेणारा बी मोजते ना?" ती म्हणाली. "इथं पोचलं का, हे मी त्याले विचारलंच नाही."

मी तिला गप्प राहायला सांगितलं. उगाच कशाला नसती भानगड, म्हणालो. कोर्टात ओमेशचा वकील बघून घेईल. गावात एकदा कळलं की आपल्या सर्व्हरने पुरावा खाल्ला, की उद्या एकही कॅमेरा आपल्याकडे राहणार नाही. हे सगळं खरंच होतं. तिने शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी नोंदीचा कागद काढून पोलिसांकडे गेली. मी मागोमाग गेलो, कारण घरी बसायची लाज वाटली.

साहेबांनी कागद वाचला, जबाब लिहून घेतला. मग विचारलं, "उरलेल्या भागात काय होतं?"

"माहीत नाही," रेणू म्हणाली. "आम्ही कोणीच पाहिलं नाही."

"म्हणजे हा वापस आला होता, असंही तुम्ही सांगू शकत नाही."

"नाही."

साहेबांनी मान हलवली आणि कागद फाइलीला लावला.

तिथून ती ओमेशच्या घरी निघाली. मी म्हणालो, आता तिथं कायले? ती म्हणाली, त्याले आपल्या तोंडून कळलं पाहिजे. ओमेश ओसरीवर होता. त्याची आई रुख्माबाई तांदूळ निवडत होती. रेणूने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, सोप्या शब्दांत, स्वतःला कुठेही न वाचवता. ओमेश शिव्या देईल, अंगावर येईल, अशी माझी तयारी होती. तो तर जरा हलका झाल्यासारखा दिसला.

"म्हंजे पुढं होतं," तो म्हणाला. "मी खोटा नाही बोलून राहिलो, हे तर तुमाले समजलं."

रेणूला हो म्हणता आलं असतं. मी असतो तर म्हणालो असतो, माणसाला तेवढंच बरं वाटतं. ती म्हणाली, "पुढं होतं, एवढंच समजलं भाऊ. काय होतं ते मले नाही सांगता येत."

ओमेश खाली बघू लागला. रुख्माबाईचे हात सुपात थांबले होते.

"म्हंजे आता ते कधीच नाही दिसनार?" तिने विचारलं.

"नाही काकू."

रुख्माबाई लेकाकडे वळली. "ओमेश," ती हळू आवाजात म्हणाली, "खरं सांग बाबू. तू गेलता का वापस?"

ओमेशने आईकडे पाहिलं. इतके दिवस गावाने तोंडावर केलेली निंदा त्याने सोसली होती, कोठडी सोसली होती. आता मात्र त्याचा चेहराच पडला.

"आई," तो म्हणाला, "तू बी त्या व्हिडिओचीच वाट पाहून राहिली होती का?"

तिने मान खाली घालून पुन्हा तांदूळ निवडायला घेतले. रेणूने माझा दंड धरला आणि आम्ही अंगणातून बाहेर आलो.