मनकर्णाबाईचा अंगठा

हार ओवणारी बाई दोऱ्याचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधते. ओढ किती, ते अंगठाच सांगतो. मनकर्णाबाईचा अंगठा मुका झाला होता. दोरा मांसात रुतला, पांढरी शेवंती लाल झाली, तेव्हा कुठं तिला कळलं.

अमरावतीच्या कमलाकांत डॉक्टरनं तिच्या पोटातली गाठ काढली, हे खरं. पण क्लोरोफॉर्म न देता पाठीच्या कण्यात सुई टोचून नवं औषध घातलं. कमरेची भूल उतरली, डाव्या पावलातली काही उतरली नाही. सांगायला गेली तर डॉक्टर म्हणाला, "वात आहे. ओल्यात बसता तुम्ही लोक."

आणि आता त्याच सुईसाठी अकोल्यात डॉक्टरमंडळींकडून याचा सत्कार! बऱ्या झालेल्या बाईनं स्वतः ओवलेला हार गळ्यात घालायचा, असं ठरलेलं. उद्या तीच सुई तिच्या नणंदेला, त्याच्या दवाखान्यात ऑपरेशनसाठी पडलेल्या बेबीताईला, टोचायची होती.

मंचावर डॉक्टरनं मान पुढं केली. मनकर्णाबाईनं हार मागं घेतला.

"आंधी सांगा, माह्या नंदेले ते सुई टोचनार नाही."

"बाई, हार घाला. लोक बघताहेत."

"पाहू द्या ना!"

"अहो, तुमचा वात..."

"वात काय तुमच्या सुईसंगच आला?"

तिथंच फतकल मारून तिनं फुलांची सुई काढली आणि डाव्या पायाच्या अंगठ्यात खुपसली. रक्त आलं. बाईची पापणीसुद्धा लवली नाही.

वाटलं, आता तरी कोणी डॉक्टरला जाब विचारील. छे! चष्मे पुढं सरसावले. एक म्हणाला, नस कोणती मेली असेल? दुसरा म्हणाला, सशांवर करून बघायला हवं. आधी बाई, मग ससे! ही यांची विद्या! कमलाकांत हसला. "आणखी काही रोगी झाल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही."

त्या 'आणखी काहीं'त बेबी होती.

मनकर्णाबाई हारासकट लंगडत खाली उतरली. परतताना बडनेऱ्याच्या फलाटावर तिनं तो बकरीपुढं टाकला.

"अवं, एवढा हार!" तिचा नवरा शालिकराम कळवळला.

"खाऊ दे. तिनं कोनाले सुई नाही टोचली. तुमी बेबीले आत्ताच दवाखान्यातून उचला. क्लोरोफॉर्म देनारा भेटन कोनी. नागपूरले न्या लागलं तं नेऊ."

"डॉक्टर रागावन ना."

"रागावू दे! बहीन कोनाची हाय, त्याची का तुमची?"

शालिकराम अमरावतीच्या गाडीची वाट न पाहता टांगा बोलवायला धावला.